भिंतीकडची काच

दरड कोसळली तेव्हा मास्तरणीची गाडी तिच्यापासून जेमतेम शंभर पावलांवर होती. आवाज असा फारसा झालाच नाही. ट्रकमधून वाळू ओतावी तशी घसघस ऐकू आली, दोन झाडं उभीच्या उभी रस्त्यावर सरकत आली आणि मग सावकाश आडवी झाली. मास्तरणीने ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला, चारही दिवे लुकलुकत ठेवले, सगळं रीतसर.

"थांबलीस का गं?" शेजारच्या सीटवरून सासूबाईंनी विचारलं. खुब्याचं ऑपरेशन होऊन आज नववा दिवस. सीट मागे टेकवून त्यांना अर्धवट आडवं झोपवलं होतं, त्यामुळे त्यांना रस्ता दिसत नव्हता, नुसतं आभाळ दिसत होतं.

"दरड पडलीय, आई."

"आपल्यावर?"

"नाही. पुढे."

"मग ठीक आहे," म्हणून सासूबाईंनी शाल गळ्यापर्यंत ओढली.

मागच्या सीटवर बसलेली धाकटी जाऊ काहीच बोलली नाही. तसंही ती मास्तरणीशी गेली दोन वर्षं बोलत नव्हती.

मास्तरीण म्हणजे शाळेतली नव्हे, गाडी शिकवणारी. एकोणीस वर्षं ती हेच करत होती. गावातल्या निम्म्या बायकांनी पहिला गिअर तिच्या शेजारी बसून टाकला होता. तिच्या शिकवणीच्या गाडीला तिच्या पायाशी जादा ब्रेक होता, आणि घरातही तिचा एक पाय कायम तसल्याच ब्रेकवर असतो, असं तिचा नवरा म्हणायचा. धाकटी ऑपरेशन झालेल्या माणसांना घरोघरी जाऊन व्यायाम देणारी. आज सासूबाईंना दवाखान्यातून आणायला खरं तर धाकटा दीर येणार होता, पण आयत्या वेळी त्याला कामावरून सोडेनात. खुब्याच्या माणसाला गाडीत कसं बसवायचं, कसं उतरवायचं, हे धाकटीलाच ठाऊक. म्हणून मग या दोघी एका गाडीत आल्या. सकाळपासूनचा सगळा व्यवहार सासूबाईंमार्फत चालला होता. "आई, मोठ्यांना म्हणावं, खड्डा जपून." "आई, तिला विचारा, पाणी हवंय का." सासूबाई दर वेळी निरोप पोचवत, आणि निरोपाला आपल्या पदरचं दोन शब्दांचं शेपूट जोडत.

मागे वळावं म्हणून मास्तरणीने आरशात पाहिलं, तर पत्र्यांनी भरलेला एक लांबलचक ट्रक येऊन दहा हातांवर उभा राहिला होता. रस्ता अरुंद. डावीकडे डोंगर धरून ठेवणारी दगडी भिंत, उजवीकडे गुडघाभर कठडा आणि खाली नुसतं पांढरं धुकं. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ते यापेक्षा वेगळं नसेल.

अर्ध्या तासाने केशरी कोट घातलेला, रस्त्याच्या कामावरचा मुकादम चालत आला. पावसात मधूनमधून बर्फाचे कण होते, ते त्याच्या टोपीवर टिकटिकत होते. मास्तरणीने काच चार बोटं खाली केली.

"यंत्र यायला तीन तास तरी लागतील," तो म्हणाला. "मागे वळणापर्यंत वीसेक गाड्या अडकल्यात. त्या एकेक करून मागे फिरवतो. तुमचा नंबर शेवटचा."

"आमच्याकडे पेशंट आहे. चालता येत नाही त्यांना."

मुकादमाने आत वाकून पाहिलं आणि जरा वेळ विचार केला. "मग गाडीतच बसा. बाहेर दगड सुटतायत. फक्त एक करा. ही भिंत बघा. तिला भोकं आहेत ना, त्यांतून पाणी येतंय. डोंगरातलं पाणी ते. स्वच्छ येतंय तोवर भिंतीला काही होत नाही. गढूळ यायला लागलं, किंवा येता येता एकदम थांबलं, तर मात्र वाट बघायची नाही. हॉर्न वाजवायचा आणि मागे निघायचं. ट्रकवाल्यालाही सांगून ठेवतो."

तो गेला. मास्तरणीने काच वर केली.

पुढची वीस मिनिटं दोघी जावा भिंतीकडे बघत बसल्या. सात भोकं होती. सातांतूनही नळासारखी धार पडत होती. मग भोकं पुसट व्हायला लागली. आधी काचेच्या खालच्या कडेला, मग वरपर्यंत पांढरी साय धरावी तशी वाफ धरली. भिंत गेली, कठडा गेला, समोर पडलेली झाडंही गेली. सकाळपासूनची ओली छत्री पायाशी, धाकटीचा भिजलेला कोट सीटच्या पाठीवर, तीन माणसांचे श्वास, आणि बंद गाडी. मास्तरणीला एकदम कुणीतरी डोक्यावरून गोणपाट टाकल्यासारखं झालं.

धाकटीने बाहीने काच पुसली. पुसलेल्या जागी पाण्याचे ओघळ राहिले आणि मिनिटभरात तिथे पुन्हा पांढरं झालं.

"आई, तिला सांगा, हाताने पुसू नकोस. हाताचं तेल लागतं, मग जास्तच धरते."

"अगं, ती काय बहिरी आहे? ऐकतेय ती," सासूबाई म्हणाल्या. "मला आता निरोप न्यायची ताकद नाही. तुमचं तुम्ही बघा."

मास्तरणीने किल्ली फिरवली. पेट्रोलचा काटा तळाला टेकत आला होता. घाट उतरल्यावर भरू, असं तिने सकाळी ठरवलं होतं. शिकायला येणाऱ्यांना ती पहिल्याच दिवशी सांगायची, घाटाच्या आधी टाकी भरा. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. आता तासातून दहा मिनिटंच इंजिन चालवणं परवडणार होतं.

तिने हीटर लावला, एसीही लावला आणि सगळा झोत काचेकडे वळवला.

"या गारठ्यात एसी?" सासूबाईंनी डोळे मोठे केले. "नवा खुबा बसवलाय गं माझा, त्याला गोठवतेस की काय?"

"आई, एसी हवा नुसती गार नाही करत, कोरडी करतो. हीटर तीच हवा गरम करतो. कोरडी गरम हवा लागली की काच साफ होते." बोलता बोलता सवयीने तिचं बोट मधल्या एका बटणावर गेलं. त्याचा दिवा लागलेला होता. तिने तो विझवला. बाहेरची हवा सुसू करत आत यायला लागली आणि काचेच्या तळाशी दोन स्वच्छ अर्धगोल उमटले. ते वाढत वाढत वर चढले. पुढचं दिसायला लागलं. भिंतीकडची काच मात्र अजून पांढरीच होती, आणि बघायचं होतं ते तिच्यातूनच.

मग मास्तरणीने एकेक काम काढलं. ओली छत्री आणि कोट प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून तोंड बांधलं. आपल्या बाजूची काच बोटभर खाली ठेवली. दवाखान्याच्या बोचक्यातून सासूबाईंचा अंगाचा साबण, कोरडा टॉवेल आणि जुनी वर्तमानपत्रं काढली.

"काच आधी कागदाने कोरडी करायची," ती म्हणाली. कुणाला उद्देशून, ते तिने स्पष्ट केलं नाही. "मग कोरडा साबण घासायचा, पातळ. पाणी लावायचं नाही. मग टॉवेलने चोळायचं, साबण दिसेनासा होईपर्यंत. मग वाफ धरत नाही. निदान तासभर तरी."

धाकटीने हात पुढे केला. मास्तरणीने साबणाची वडी त्यात ठेवली. धाकटीने भिंतीकडची मागची काच केली, पुढे वाकून सासूबाईंच्या शेजारची केली आणि मग सीटवर गुडघे टेकून मागची मोठी काचही घासली. व्यायाम देणारीचे हात ते, एका लयीत चालत होते. काच लख्ख झाली. सातही भोकं पुन्हा दिसायला लागली.

"माझ्या साबणाचा चांगला उपयोग केलात," सासूबाई म्हणाल्या. "आता घरी गेल्यावर मला कशाने अंघोळ घालणार?"

"आई, जरा कमी बोला," मास्तरीण म्हणाली. "बोलण्याने वाफ वाढते."

"मग तुम्हा दोघींना बरंच आहे. तुम्हाला सरावच आहे."

यावर कुणी हसलं नाही. इंजिन बंद केलं. पावसाचा टपटपाट टपावर. मागच्या ट्रकचं इंजिन मात्र एकसारखं घुरघुरत होतं. सासूबाईंचा डोळा लागला. पाऊण तास गेला, मग तासही गेला. पाय आखडले. बाहेर जाता येत नाही म्हटल्यावर लघवीला लागल्यासारखं वाटायला लागलं. मास्तरणीला आपल्या गाडीत पहिल्यांदाच कळलं की ही गाडी म्हणजे चार बाय सात फुटांची पेटी आहे, आणि पेटीत आपल्यासोबत कोण बसलंय, ते आपल्या हातात नसतं.

दुसऱ्यांदा तिने इंजिन सुरू केलं तेव्हा मागून आवाज आला. "ते बटण कसलं?"

मास्तरणीला आधी वाटलं, सासूबाई. पण सासूबाई घोरत होत्या.

"कुठलं?"

"मघाशी विझवलंत ते. गोल बाण काढलेलं."

दोन वर्षांत धाकटीने तिला सरळ विचारलेलं हे पहिलंच वाक्य. "ते... ते दाबलं की बाहेरची हवा बंद होते. आतलीच हवा आत फिरते. धूर, धूळ असली रस्त्यात, की दाबायचं. नंतर आठवणीने काढायचं."

"नाही काढलं तर?"

"तर आतला ओलावा आतच राहतो."

"आणि काचा पांढऱ्या होतात."

"हो."

आरशात धाकटीचं अर्धं तोंड दिसत होतं. ती बटणाकडे बघत नव्हती, मास्तरणीच्या मानेकडे बघत होती.

"त्या दिवशी त्याचा दिवा लागलेला होता का, ताई?"

त्या दिवशी म्हणजे दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळी सकाळी. धाकटीचा मास्तरणीकडे गाडी शिकण्याचा बारावा दिवस. पुढे धूर ओकणारा टेम्पो होता म्हणून मास्तरणीने ते बटण दाबलं आणि विसरली. थोड्या वेळाने धाकटी म्हणाली होती, "ताई, काच पुसू का? नीट दिसत नाहीये." मास्तरीण म्हणाली होती, "हात काढायचा नाही. समोर बघ." वळणावर सायकलवरून निवृत्त पोस्टमन येत होते. मास्तरणीचा जादा ब्रेक लागला, पण उशिरा लागला. पोस्टमनचा खांदा मोडला. लोक धावत येईपर्यंतच्या त्या अर्ध्या मिनिटात मास्तरणीने बोट लांब करून बटणाचा दिवा विझवला होता. तो का विझवला, हे तिचं तिलाच नंतर नीट सांगता येत नसे. हात आपोआप गेला, एवढंच ती स्वतःला सांगायची.

संध्याकाळी घरात सगळे जमले होते. धाकटी रडत म्हणाली, "काच धुरकट झाली होती." आणि मास्तरीण सगळ्यांसमोर म्हणाली, "काच सगळ्यांचीच धुरकटते. चालवणाऱ्याला त्यातून वाट काढता आली पाहिजे. हिचं लक्ष नव्हतं. हिच्या हाती गाडी देऊ नका." तेव्हापासून धाकटी गाडीला शिवली नाही. लांबच्या वाड्यावस्त्यांवरचे पेशंट तिने सोडून दिले, कारण तिथे बस जात नसे. आणि तेव्हापासूनच तिने थोरल्या जावेशी बोलणं टाकलं. मास्तरणीची शिकवणी मात्र चालू राहिली. झाकली मूठ झाकलेलीच राहिली.

आता नाही म्हणणं सोपं होतं. साक्षीला कुणी नव्हतं. पण गाडीतून उतरून जाता येत नव्हतं, विषय बदलायला दुसरं माणूस नव्हतं, आणि मानेवरची ती नजर हलत नव्हती.

"होता," मास्तरीण म्हणाली. "मीच दाबला होता. लोक यायच्या आत मीच विझवला."

इंजिन चालू होतं, तरी धाकटीचा श्वास ऐकू आला.

"मी आठ आठवडे त्या पोस्टमनकाकांकडे जात होते," ती हळू म्हणाली. "रोज सकाळी, त्यांचा खांदा हलवायला. ते कण्हायचे, आणि मला वाटायचं, हे मी केलं. तुम्हाला ठाऊक होतं मी जाते ते. एकदा तर आईंच्या सांगण्यावरून तुम्हीच मला त्यांच्या दारात सोडलंत."

"हो."

"आणि गप्प बसलात."

"शिकवणी बंद पडली असती माझी," मास्तरीण म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला ते वाक्य किती हलकं आहे ते समजलं. "पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर सांगितलं असतं. दुसऱ्या दिवशी अवघड झालं. मग रोज जास्तच अवघड होत गेलं."

धाकटीने दार उघडलं आणि ती बाहेर पडली. गार वारा भसकन आत शिरला. कठड्याला हात टेकून ती पावसात उभी राहिली. मास्तरीण जागची हलली नाही. तिला हाक मारायचा हक्क आपण गमावलाय, असं तिला वाटलं.

"दार लाव," सासूबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे मिटलेलेच होते. "आणि मी झोपले होते, असं समज. अजून मला काय बोलावं ते सुचलेलं नाही."

पाच मिनिटांनी धाकटी परत आली. निथळत होती. तिच्या ओल्या कपड्यांनी समोरची काच पुन्हा पांढरी झाली, साबण लावलेल्या काचा मात्र टिकून राहिल्या. ती भिंतीकडच्या काचेशी सरकली आणि मास्तरणीकडे पाठ करून बाहेर बघत बसली. टॉवेल मागितला नाही. मास्तरणीने पुढे केला, तर घेतलाही नाही.

इंजिन बंद. मास्तरणीला वाटत होतं, सांगून टाकलं की माणूस मोकळं होतं म्हणतात. तिला मोकळं वाटत नव्हतं. उलट पेटी आणखी एक बोटभर आवळल्यासारखी वाटत होती.

किती वेळ गेला कोण जाणे. धाकटी एकदम म्हणाली, "तिसरं बंद झालं."

"काय?"

"तिसरं भोक. पाणी थांबलं. चौथंही." ती काचेला नाक लावून बघत होती. "पाचव्यातलं चहासारखं झालंय."

मास्तरणीने वाकून पाहिलं. दोन भोकं कोरडी होती आणि त्यांच्या शेजारून तांबडा चिखल ओघळत होता. भिंतीचा मधला भाग पोट सुटल्यासारखा पुढे आला होता, की आपल्यालाच तसं वाटतंय, ते कळेना. तिने हॉर्नवर तळहात दाबून धरला. एक मिनिट गेलं. मागचा ट्रक हलला नाही. स्वच्छ केलेल्या मागच्या काचेतून ट्रकची पुढची काच दिसत होती. ती दुधासारखी पांढरी झाली होती. ड्रायव्हर हीटर लावून, सगळं बंद करून आत झोपला असणार.

"मी त्याला उठवते," मास्तरीण म्हणाली. "पण त्याला मागचं काही दिसणार नाही. मला शेवटपर्यंत त्याच्या बाजूने चालत, हात दाखवत न्यावं लागेल. गाडी तू मागे घे."

"मी?"

"तूच. मी दोन्हीकडे नाही होऊ शकत."

"तुम्हीच म्हणाला होतात, हिच्या हाती..."

"म्हणाले होते. खोटं होतं ते. क्लच सावकाश सोड, मान वळवून मागच्या काचेतूनच बघ. काच तूच घासलीयस, ती धुरकटणार नाही."

एवढं बोलून ती उतरलीसुद्धा. ट्रकच्या पायरीवर चढून तिने दारावर मुठी आपटल्या. आतून बाहीने काच पुसली गेली आणि झोपेने सुजलेला एक चेहरा दिसला. तिने काही समजावलं नाही, नुसतं भिंतीकडे बोट केलं. ड्रायव्हरने भिंत पाहिली आणि शब्दही न बोलता गिअर टाकला.

त्याच्या मागच्या गाड्या मुकादमाने एव्हाना फिरवून नेल्या होत्या; ट्रक मागे सरकायला लागला. मास्तरीण कठड्याच्या कडेने उलट पावली चालत होती, हाताने त्याला डावं-उजवं दाखवत होती. "थोडं अलीकडे. सरळ. येऊ दे." आवाज पावसात विरत होता. आणि दर चार पावलांना ती ट्रकच्या नाकावरून पुढे बघत होती. आपली गाडी अजून तिथेच होती. मागचा पांढरा दिवा लागला, विझला. इंजिन बंद पडलं. मास्तरणीचा उजवा पाय ओल्या रस्त्यावर आपसूक दाबला गेला. तिथे ब्रेक नव्हता. पायाखाली नुसता डांबरी रस्ता होता.

दिवा पुन्हा लागला. गाडी हिसका देऊन हलली, भिंतीकडे वाकडी गेली, थांबली. मग सरळ झाली. मग एका संथ चालीने मागे यायला लागली, ट्रकपासून सात-आठ हातांचं अंतर राखून, जितका ट्रक सरकेल तितकीच. धाकटीचं वळवलेलं तोंड मागच्या काचेत दिसत होतं. ती मास्तरणीकडे बघत नव्हती. तिला मास्तरीण नकोच होती, तिला फक्त रस्ता हवा होता.

वळणाच्या रुंद जागेत ट्रक शिरला, त्याच्या पोटाशी गाडी शिरली, आणि त्यानंतर पाणी पिऊन होईल एवढ्याच वेळात समोर भिंत बसली. दगड सुटे सुटे होऊन रस्त्यावर आले, त्यांच्यावर चिखल आला. मघा गाडी उभी होती तिथला कठडासुद्धा दिसेनासा झाला.

ट्रकवाला खाली उतरून पायरीवरच बसला. मास्तरीण गाडीपाशी गेली. आत सासूबाई एका हाताने दाराची मूठ धरून होत्या आणि दुसऱ्या हाताने धाकटीचं मनगट. त्या माऊलीला बोलायला शब्द नव्हता, आणि तिच्या ओळखीतल्या कुणीच हे कधी पाहिलं नव्हतं.

धाकटीने काच खाली केली. तिचे ओठ निळे पडले होते.

"हे घरी सांगायचं," ती म्हणाली. "तेव्हा जे जे होते, त्या सगळ्यांसमोर. आणि पोस्टमनकाकांना वेगळं."

"सांगते."

"आज-उद्या नाही. रविवारी. सगळे असतात तेव्हा." मग तिने काच वर केली.

मुकादमाने सासूबाईंना स्ट्रेचरवरून वळणामागच्या एका गाडीत नेलं. सासूबाईंना आठवड्याने शब्द सुटले, ते असे सुटले की भिंतीचं पाणी त्यांनीच आधी पाहिलं होतं, ही गोष्ट साऱ्या गल्लीला पाठ झाली.

रविवारी मास्तरणीने सांगितलं. जेवणं उरकली होती, ताटं तशीच होती. ती उभी राहून बोलली, कारण बसून बोलवेना. बटण सांगितलं, विझवलेला दिवा सांगितला, ते वाक्य जसंच्या तसं पुन्हा उच्चारून दाखवलं. धाकटा दीर उठून बाहेर गेला आणि बराच वेळ आत आला नाही. तिच्या नवऱ्याने तिच्याकडे न बघता ताटं गोळा करायला घेतली. धाकटी एवढंच म्हणाली, "झालं." माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मास्तरणीने विचारलंही नाही.

पोस्टमनच्या घरी ती दुसऱ्या दिवशी गेली. म्हातारा एकटाच होता, टाचा वर करून फळीवरचा डबा काढत होता, त्याच मोडलेल्या खांद्याच्या हाताने. सगळं ऐकून झाल्यावर तो खुर्चीत बसला.

"खांदा माझा, म्हणजे माफी माझ्याकडे मागायची, असं तुम्हाला वाटलं असेल," तो म्हणाला. "पण खांद्याचं काही नाही हो. खांदा बरा झाला. ती पोर आठ आठवडे माझ्यापुढे मान खाली घालून बसायची. मला वाटायचं, हिला माझं तोंड बघवत नाही. मी एकदा रागावलोही तिच्यावर त्यासाठी. आता ते मी कुठे नेऊन ठेवू?"

मास्तरीण तिथे आणखी थोडा वेळ बसली, कारण उठणं जास्त सोपं होतं.

त्या वर्षी तिच्याकडे शिकायला येणारे कमी झाले. बातमी पसरायला गावाला वेळ लागत नाही. धाकटीने पुन्हा गाडी शिकायला घेतली, पण चौकापलीकडच्या मास्तरांकडे. मास्तरणीने एकदाच, फार चाचरत, विचारून पाहिलं होतं, "मी शिकवू का?" त्यावर धाकटी भाजी चिरता चिरता म्हणाली, "नको. तुमच्या शेजारी बसले की मी तुमच्या पायाकडे बघत राहीन."

सकाळी सातला चौकातून त्या मास्तरांची पांढरी गाडी जाते. मास्तरीण कधी दारात असते, कधी नसते. परवा तिथे गाडी चढावर बंद पडली, मागच्यांनी हॉर्न वाजवून उच्छाद मांडला. धाकटीने काच खाली केली, हात बाहेर काढून सगळ्यांना थांबवलं, आणि आपल्या वेळेने गाडी सुरू करून ती पुढे गेली.